दोन विनोदवीर, एक वर्तमानपत्र आणि आपली बेळगावी मराठी: असा कार्यक्रम सीमाभागात का होऊ नये?

शहापूरकर

नमस्कार मंडळी. दोन-तीन विनोदवीर एकत्र बसतात, आठवड्यातली एखादी चमत्कारिक बातमी पुढ्यात घेतात आणि तिच्यावरून सिनेमा, मालिका, घरातले रुसवेफुगवे, रिक्षाचे भाडे असे करत करत तासभर बोलतात. हा प्रकार आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. बीबीसी रेडिओवरील 'द न्यूज क्विझ' १९७७ पासून चालू आहे, जॉन ऑलिव्हर आणि अँडी झाल्ट्झमन यांनी २००७ मध्ये 'द बगल' हा पॉडकास्ट सुरू केला, आणि पुण्या-मुंबईची तरुण मंडळीही मराठीत अशा गप्पांचे भाग काढू लागली आहेत. मी हे सारे आवडीने ऐकतो. मात्र त्यात येणारे रस्ते आपले नसतात, बोली आपली नसते आणि तिथे ज्या अडचणींवर हशा पिकतो त्या आपल्या गल्लीत क्वचितच घडतात.

आपल्याकडे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात मराठीत सुरू केलेले वाक्य कन्नडात संपवणारी आणि मध्येच एखादा कोकणी शब्द पेरणारी माणसे घरोघरी आहेत. त्यांच्या बोलण्यात इतका सहज विनोद आहे की त्यासाठी वेगळा लेखक नेमावा लागणार नाही. म्हणून माझे मत असे आहे की जगातल्या चित्रविचित्र बातम्यांवर आपल्याच बोलीत गप्पा मारणारा एक कार्यक्रम सीमाभागातून निघालाच पाहिजे. तो चालेल का, कसा असावा आणि त्यात काय टाळावे, याविषयी सर्वांनी मोकळेपणाने लिहावे ही विनंती.

मार्कंडेय काठ

चालेल की ओ, न चालायला काय झाले! पहिल्या भागाला विषय मी देतो. मॉरिझिओ कॅटेलान या इटालियन कलावंताने २०१९ मध्ये मायामीच्या कलाप्रदर्शनात एक केळे चिकटपट्टीने भिंतीला चिकटवले. त्याची एक प्रत १ लाख २० हजार डॉलरला विकली गेली. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सदबीज या लिलावघरात ती कलाकृती ६२ लाख डॉलरला गेली, आणि घेणाऱ्या क्रिप्टो व्यावसायिकाने हाँगकाँगला पत्रकारांसमोर केळे सोलून खाऊन टाकले. त्या कलाकृतीचे नावच 'कॉमेडियन' आहे, तेव्हा विनोदवीरांच्या कार्यक्रमाला याहून चांगला मुहूर्त मिळणे नाही. गणपत गल्लीतल्या केळीवाल्या मावशींना ही बातमी सांगावी आणि त्यांचे मत ध्वनिमुद्रित करून आणावे. निम्मा भाग त्यातच भरेल.

टिळकवाडीची वाचक

मावशी प्रथम हे विचारतील की चिकटपट्टी सोडून नुसते केळे घेतले तर किती कमी होतील.

जुना रंगकर्मी

शहापूरकर, तुमचा उत्साह समजतो, पण मला या प्रकाराविषयी गंभीर शंका आहे. दोन माणसे बसून बोलतात आणि एकमेकांच्या वाक्यांवर स्वतःच हसतात, याला मी विनोदाची कला म्हणायला तयार नाही. ज्या शहरातल्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात पु. ल. देशपांडे यांनी शिकवले, त्या शहराच्या विनोदाकडून असलेल्या अपेक्षा एवढ्या खाली येऊ नयेत. एकट्या माणसाने रंगमंचावर उभे राहून दोन-तीन तास प्रेक्षकांना बांधून ठेवण्यासाठी केवढी तयारी लागते, हे आमच्या पिढीने जवळून पाहिले आहे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर हे तिघे गावोगावी कथाकथन करीत तेव्हा प्रत्येक वाक्य कुठे थांबवायचे, कुठे आवाज खाली आणायचा आणि श्रोता कधी हसणार, हे त्यांना पक्के ठाऊक असे. ते स्वतः हसत नसत, आणि म्हणून समोरचे मंडप डोक्यावर घेत. आजच्या गप्पांच्या कार्यक्रमांत तासाभराच्या बोलण्यातली पाच मिनिटे चांगली असतात आणि उरलेल्या वेळात श्रोता त्या पाच मिनिटांची वाट पाहत बसतो. रेडिओ, माइक आणि यूट्यूब स्वस्त झाले म्हणून अपुरी तयारी क्षम्य ठरत नाही.

कृष्णाकाठ

रंगकर्मी काकांचा अधिकार मोठा आहे, तरीही दोघांनी बोलून हसवणे ही कला नव्हे हे म्हणणे मला मान्य होत नाही. आमच्या कागवाड-अथणी भागात कृष्णेच्या दोन्ही तीरांवर तमाशा पाहिलेली माणसे अजून आहेत. गण, गवळण, बतावणी आणि वग हा तमाशाचा क्रम सर्वांना माहीत आहे. त्यातली बतावणी म्हणजे सोंगाड्या आणि त्याचा जोडीदार यांच्यातल्या गप्पाच असत. जोडीदार सरळ, शहाणा प्रश्न विचारी, सोंगाड्या त्याचा भलताच अर्थ लावी, आणि त्या घोळातून गावचा पाटील, सावकार, तलाठी, नवे कायदे, महागाई असे सगळे बाहेर पडे. बतावणीचा ठेवणीतला सांगाडा असे, पण त्यात भरायचा मजकूर ज्या गावी खेळ त्या गावचा असे. फडाची गाडी गावात शिरली की सोंगाड्या हॉटेलात चहा घेत बसून गावातली भानगड विचारून घेई आणि रात्री तीच फडावर येई. मग वर्तमानपत्र समोर ठेवून बोलणारे आजचे विनोदवीर याहून वेगळे काय करतात? फरक एवढाच की बतावणीला मागे ढोलकी होती आणि समोर न आवडल्यास तोंडावर सांगणारा प्रेक्षक होता.

मला वाटते की काकांचा राग गप्पांवर नसून प्रेक्षकाविना केलेल्या गप्पांवर असावा. खोलीत दार लावून बोलणाऱ्या दोघांना कुणी थांबवत नाही, म्हणून त्यांचे बोलणे पसरते.

जुना रंगकर्मी

बतावणीचा मुद्दा उचित आहे आणि तो मी मानतो. मात्र सोंगाड्याने त्यासाठी उभी हयात घालवलेली असे. ती तयारी आजच्या मुलांनी करावी, एवढेच माझे मागणे आहे.

धारवाडची सून

मी मूळची अनगोळची, लग्नानंतर कन्नड घरात आले. सासरी आल्यावर मला कळले की या बाबतीत कन्नडची परंपरा किती श्रीमंत आहे. गंगावती प्राणेश हे उत्तर कर्नाटकाच्या ठसठशीत बोलीत नवरा-बायको, शाळामास्तर, बसचा प्रवास अशा अगदी घरगुती विषयांवर बोलतात. बीची या कन्नड विनोदी लेखकाचा वारसा ते अभिमानाने सांगतात. त्यांच्या कार्यक्रमाला आमच्याकडे आजीपासून नातीपर्यंत सगळे एकत्र बसतात. मास्टर हिरण्णय्या यांचे 'लंचावतार' हे भ्रष्टाचारावरचे नाटक वर्षानुवर्षे चालले, कारण ते त्या त्या दिवसाच्या बातम्या संवादात घालीत आणि मंत्र्यांनाही सोडत नसत. २०१९ मध्ये ते गेले तेव्हा माझे सासरे दिवसभर त्यांच्या ध्वनिफिती ऐकत बसले होते.

माझे सांगणे एवढेच आहे की कार्यक्रम मराठीत करा, पण त्यातला एक विनोदवीर कन्नडच्या अंगाने मराठी बोलणारा घ्या. त्याला विदूषक करू नका, बरोबरीचा भिडू करा. बेळगावच्या बाजारात दोन भाषा एकमेकींना जशा सांभाळून घेतात तशा त्या कार्यक्रमातही आल्या, तर तो दोन्ही घरांत ऐकला जाईल.

खानापूरची लेक

सूनताईंनी "विदूषक करू नका" असे लिहिले, त्या वाक्याला माझा दुजोरा आहे आणि त्यावर मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे.

मी पुण्यात नोकरी करते. कार्यालयातल्या जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी हमखास म्हणते की तू जरा बेळगावचे बोलून दाखव ना. मी बोलले की ते हसतात. मी काय बोलले याकडे कुणाचे लक्ष नसते. दूरदर्शनवरच्या प्रहसनांतही आपल्या भागातला माणूस आला की तो बावळट, तोंडाळ किंवा भोळा असतो आणि त्याच्या लिंगवचनाच्या गोंधळावर हशा घेतला जातो. बोलीला हसणे आणि त्या बोलीत हसणे या दोन गोष्टींमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पु. ल. देशपांडे यांनी 'गणगोत'मध्ये बेळगावच्या रावसाहेबांचे जे व्यक्तिचित्र लिहिले आहे, ते वाचताना रावसाहेबांच्या कानडी वळणाच्या मराठीचे हसू येते खरे, पण वाचून झाल्यावर मनात राहतो तो त्या माणसाचा दिलदारपणा. बोली तिथे माणसाला मोठे करते. आपल्या कार्यक्रमाची कसोटी तीच असली पाहिजे.

आणि म्हणूनच हा कार्यक्रम आपल्याच माणसांनी केला पाहिजे असे मला वाटते. सिडनीची असो किंवा सांबऱ्याची, बातमी आपल्या बोलीत गंभीरपणे सांगितली गेली की त्या बोलीचा मान वाढतो. "काय ओ, ते केळं खाल्लं म्हणं की त्यानं!" हे वाक्य ज्या सहजतेने आपल्या आईच्या तोंडून येते, तितक्याच सहजतेने ते कार्यक्रमात यावे. ऐकणाऱ्याने तिथे बोलीला हसू नये, त्या क्रिप्टोवाल्याला हसावे.

निपाणीकर

ताई, फार मोलाचे लिहिलेत.

मला या चर्चेत एक दूरची गोष्ट आठवते. क्यूबामध्ये सिगार वळणाऱ्या कामगारांना मोठ्याने वाचून दाखवणारा एक वाचक कारखान्यात नेमण्याची प्रथा १८६५ च्या सुमारास हवानामध्ये सुरू झाली. त्याला पगार मालक देत नसे. कामगारच आपापल्या मजुरीतून वर्गणी काढून त्याला ठेवीत, तो सकाळी वर्तमानपत्र आणि नंतर कादंबऱ्या वाचून दाखवी, आणि काय वाचायचे याचा कौलही कामगारच देत. आमची निपाणी तंबाखूची आणि विड्यांची. विड्या वळणाऱ्या बायकांचे हात आणि डोळे कामात गुंतलेले असतात, कान मात्र मोकळे असतात. पूर्वी त्या एकमेकींना ओव्या आणि गावगप्पा ऐकवीत, आता मोबाइल लावून ठेवतात. माझ्या मते या कार्यक्रमाचा खरा श्रोतृवर्ग तिथे आहे. पुण्यातला तरुण आणि त्याचे कानातले यंत्र यांचा विचार नंतर करता येईल. विड्या वळणारी, पापड लाटणारी, शहापूर-वडगावात मागावर बसणारी माणसे दिवसभर काहीतरी ऐकत असतात. त्यांच्यासाठी बोलायचे ठरवले की भाषा, वेग आणि विषय यांचे निम्मे निर्णय आपोआप होतील.

चिकोडी एक्सप्रेस

निपाणीकरांना अनुमोदन. फक्त वाचक नेमल्यावर त्याची वर्गणी कोण काढणार हे आधी ठरवावे. आमच्याकडे गणपतीची वर्गणी दिवाळीपर्यंत गोळा होत असते.

रेडिओप्रेमी

जुन्या रंगकर्मींनी तयारीचा मुद्दा काढला आहे, म्हणून मला जे ठाऊक आहे ते लिहितो. असे चांगले कार्यक्रम ऐकायला सैल वाटतात, पण बांधलेले असतात. प्रत्येक जण आपापली बातमी घरून आणतो आणि ती जोडीदाराला आधी सांगत नाही, म्हणजे त्याचे आश्चर्य खरे उमटते. बातमी आणणाऱ्याने मात्र तिचा कसून अभ्यास केलेला असतो. कोण, कुठे, कधी, किती, पुढे काय झाले, हे सगळे त्याला तोंडपाठ असते, कारण जोडीदार कुठला प्रश्न विचारील याचा नेम नसतो. दोघांपैकी एकाने बातमीचा धागा धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने भरकटायचे, हे वाटप नीट झाले नाही तर दोघेही भरकटतात आणि श्रोता मध्येच उतरून जातो. ध्वनिमुद्रण दीड-दोन तासांचे होते आणि कापून त्यातले निम्मे ठेवले जाते. हे कापणे निर्दयपणे करणारा तिसरा माणूस नसेल तर रंगकर्मी काका म्हणतात तेच होते.

आकाशवाणी मुंबईवर पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी यांचे संवाद ज्यांनी ऐकले असतील त्यांना आठवेल की मध्यमवर्गीय घरातल्या अगदी क्षुल्लक गोष्टींवर तीन माणसे किती नेमके बोलत. त्यांचे बोलणे लिहिलेले होते, पण कान त्यांना घरातली माणसे मानत होता. वाद असा घालू नये की लिहिलेले चांगले की उत्स्फूर्त चांगले. श्रोत्याला दोघांतली जवळीक खरी वाटली पाहिजे. ओळख नसलेल्या दोन हुशार माणसांना समोरासमोर बसवून विनोद होत नाही, हे मी कित्येक कार्यक्रमांत ऐकले आहे.

सदाशिवनगरवासी

बातम्यांच्या निवडीविषयी एक कळकळीची सूचना. चमत्कारिक बातमी म्हटली की निम्म्या वेळा ती खोटी असते. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली तेव्हा दोन हजारांच्या नोटेत उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारी चिप आहे, ही बातमी आपल्या गल्लोगल्ली फिरली. काही वाहिन्यांनीही ती गांभीर्याने दाखवली, आणि तसे काही नसल्याचे स्पष्ट झाल्यावरही बरेच दिवस माणसे नोट उन्हात धरून पाहत होती. विनोदवीराने खोटी बातमी रंगवून सांगितली की लोक विनोद विसरतात आणि बातमी लक्षात ठेवतात, हा धोका मोठा आहे.

खऱ्या जगात विचित्र गोष्टींचा काही तोटा नाही. इग नोबेल पुरस्कारच घ्या. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ते १९९१ पासून दिले जातात. २००१ चा सार्वजनिक आरोग्याचा इग नोबेल आपल्या कर्नाटकाला मिळालेला आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतील चित्तरंजन अंद्रादे आणि बी. एस. श्रीहरी यांनी किशोरवयीन मुलांमधील नाकात बोट घालण्याच्या सवयीचा रीतसर अभ्यास केला होता. आंद्रे गाइम यांना जिवंत बेडूक चुंबकाच्या बळावर हवेत तरंगवल्याबद्दल २००० मध्ये इग नोबेल मिळाला आणि २०१० मध्ये ग्राफीनसाठी खरा नोबेल मिळाला. एवढ्या सामग्रीवर वर्षभर कार्यक्रम चालेल, आणि ऐकणाऱ्या शाळकरी पोरांच्या डोक्यात दोन गोष्टी पडतील.

टिळकवाडीची वाचक

नाकात बोट घालणाऱ्यांचा अभ्यास करायला बंगळुरूपर्यंत जायला नको होते. दुसऱ्या रेल्वे फाटकाशी गाडी जाईपर्यंत थांबले असते तरी पुरेसा मजकूर मिळाला असता.

पिरनवाडीकर

सदाशिवनगरवासींच्या यादीत मी एक भर घालतो. २००३ चा शांततेचा इग नोबेल उत्तर प्रदेशातील आझमगडचे लाल बिहारी यांना मिळाला. जमिनीसाठी नातेवाइकांनी सरकारी दप्तरात त्यांना मृत दाखवले होते. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी जवळजवळ दोन दशके झगडा दिला, नावापुढे 'मृतक' हा शब्द लावला, निवडणुका लढवल्या आणि आपल्यासारख्याच कागदोपत्री मेलेल्या माणसांचा 'मृतक संघ' काढला. १९९४ मध्ये दप्तरात ते पुन्हा जिवंत झाले. ही बातमी पहिल्यांदा ऐकताना प्रत्येक जण हसतो. पण सात-बाराच्या किंवा आपल्याकडच्या पहाणी पत्रिकेच्या उताऱ्यासाठी ज्याने कचेरीत खेटे घातले आहेत, त्याचे हसू फार वेळ टिकत नाही. अशी बातमी सांगणारा विनोदवीर मला हवा आहे. नुसते "बघा, काय काय चालते जगात" असे म्हणून पुढच्या बातमीवर उडी मारणारा नको.

मार्कंडेय काठ

मंडळी, तुम्ही सर्व जण फार सुंदर लिहीत आहात, पण मला भीती वाटू लागली आहे. खोटी बातमी नको, बोलीला हसणे नको, पसरट बोलणे नको, उडी मारणे नको, असे करत करत विनोदवीरांच्या तोंडाला आपण कुलूप लावू. गप्पांना थोडी मोकळीक लागतेच. चीनचा हेर समजून मुंबईत २०२३ च्या मे महिन्यात एक कबूतर पकडले गेले आणि तैवानमधले शर्यतीचे कबूतर निघाल्यावर त्याला जानेवारी २०२४ च्या अखेरीस सोडले गेले, म्हणजे ते आठ महिने अडकून होते. या बातमीवर मी मनसोक्त हसलो. त्यात आणखी विचार कसला करायचा? कबुतराला वकील मिळाला नाही, एवढेच.

हलग्याचा शेतकरी

मार्कंडेय, कबुतराच्या बातमीला खुशाल हसा, त्यात कुणाचे नुकसान नाही. पण आमच्या शिवारातली एक बातमी सांगतो आणि मग हसायचे कुणाला हा प्रश्न का पडतो ते पाहा.

हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौध या कर्नाटक विधिमंडळाच्या इमारतीचे उद्घाटन ११ ऑक्टोबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते झाले. एवढी भव्य इमारत, आणि हिवाळी अधिवेशनाचे दिवस सोडले तर वर्षातला बहुतेक काळ तिथे शांतताच असते. २०२२ च्या उन्हाळ्यात तिच्या पुढ्यात शेवया वाळत घातल्याची छायाचित्रे सगळीकडे पसरली. तिथे रोजंदारीवर काम करणाऱ्या एका बाईने त्या घातल्या होत्या. राज्यभर हसू झाले, मोबाइलवर चित्रे फिरली, आणि मग त्या बाईचे काम गेल्याची बातमी आली. लोकांनी हळहळ व्यक्त केल्यावर तिला पुन्हा कामावर घेतल्याचेही वाचले.

आता विचार करा. आमच्या घरातली कोणतीही बाई कडक ऊन, स्वच्छ फरशी आणि मोकळी जागा दिसली की तिथे शेवया, पापड, सांडगे घालणारच. तिने त्या इमारतीचा कुणालाच जमला नव्हता एवढा चांगला उपयोग करून दाखवला होता. या बातमीत खरे विनोदाचे पात्र कोण होते? वर्षभर रिकामी राहणारी इमारत होती. पण हसू पडले ते बाईवर, आणि त्या हसण्याची किंमत तिने मोजली. ज्या कार्यक्रमात दोघे विनोदवीर ही बातमी घेऊन बसतील आणि इमारतीला हसतील, तो कार्यक्रम मी रात्री पाणी पाजायला शेतात गेल्यावरही ऐकेन. बाईला हसणारा कार्यक्रम माझ्या मोबाइलवर लागणार नाही.

खानापूरची लेक

काका, तुम्ही जे लिहिलेत तेच मला सांगायचे होते आणि मला ते इतक्या स्पष्टपणे मांडता आले नाही. वर ज्या केळ्याची चर्चा झाली त्याच्या बातमीतही अशीच एक बाजू आहे. लिलावासाठीचे ते केळे न्यूयॉर्कमधल्या एका फळगाडीवरून ३५ सेंटला घेतले होते. बांगलादेशातून आलेल्या त्या वृद्ध विक्रेत्याला जेव्हा पत्रकाराने लिलावाची किंमत सांगितली तेव्हा त्याला रडू कोसळले. टिळकवाडीच्या ताईंनी गणपत गल्लीतल्या मावशींचे उत्तर लिहिले आहे, ते वाचून मी हसले, कारण त्यात मावशी शहाण्या ठरतात.

मार्कंडेय काठ

शेवयांची बातमी मीही त्या वेळी पुढे पाठवणाऱ्यांच्या गटात वाचली होती, पण त्या बाईचे काम गेल्याचे मला आज कळले. हलग्याच्या काकांचे म्हणणे पटले. कबूतर मात्र मी सोडणार नाही.

कोनवाळ गल्ली

एक नाजूक विषय आहे आणि तो कुणी काढत नाही म्हणून मी काढतो. सीमाप्रश्नावर या कार्यक्रमात बोलायचे की नाही? १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, दरवर्षीचा १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस, हे सगळे आपल्या जगण्याचा भाग आहे. माझे मत असे की विनोदवीरांनी या विषयाला हात लावू नये. ज्या प्रश्नासाठी माणसांनी तुरुंगवास भोगला आणि प्राण दिले, तो हशाचा विषय होऊ शकत नाही. शिवाय एखादे वाक्य कापून फिरवले गेले तर चार पोरांच्या दुकानाच्या काचा फुटतील.

कृष्णाकाठ

कोनवाळ गल्ली यांच्या भावनेचा मी पूर्ण आदर करतो. लढ्यावर विनोद होऊ नये हे मलाही मान्य आहे. पण लढ्यामुळे रोजच्या जगण्यात जो घोळ होतो, त्याविषयी न बोलता सीमाभागातला कार्यक्रम होणार कसा? तणाव वाढला की बसगाड्या राज्यांच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यापर्यंतच धावतात. मग कागलची सून आणि निपाणीची सासू नाक्याच्या दोन बाजूंना पिशव्या घेऊन उभ्या राहतात. कचेरीत कन्नडमधला अर्ज भरताना आपल्याच नावाचे स्पेलिंग भलतेच होऊन येते आणि ते दुरुस्त करायला दुसरा अर्ज पुन्हा कन्नडमध्येच भरावा लागतो. हे भोगणाऱ्या माणसांनी एकत्र बसून यावर हसणे म्हणजे प्रश्नाची थट्टा करणे नव्हे. नाक्याच्या दोन्ही बाजूंचा प्रवासी त्यात हसेल, कारण बस दोघांचीही चुकलेली असते.

धारवाडची सून

माझ्या घरात दोन्ही बाजू एकाच ताटाभोवती जेवतात, म्हणून अनुभवाने सांगते. १ नोव्हेंबरला आमच्याकडे सासरे राज्योत्सवाचा ध्वज लावतात आणि त्याच दिवशी माहेरून दादाचा फोन येतो, तेव्हा तो दिवसाविषयी काहीच बोलत नाही, फक्त माझी तब्येत विचारतो. यावर मी कधीही विनोद करणार नाही आणि कुणी केलेला मला आवडणार नाही. बस, अर्ज, पाट्या यांच्यावर जरूर बोला. कुठे थांबायचे हे ठरवण्यासाठी दोन्ही भाषांची माणसे त्या टेबलाशी असावीत, हे माझे पहिले म्हणणे मी पुन्हा मांडते.

कोनवाळ गल्ली

ताई, तुम्ही आणि कृष्णाकाठ यांनी घातलेली मर्यादा मला मान्य आहे. बस आणि अर्ज यांना माझी हरकत नाही.

चिकोडी एक्सप्रेस

मालिका आणि सिनेमा यांच्याविषयी कुणीच लिहिले नाही, याची नोंद घ्यावी. आमच्या घरी आई मराठी मालिका पाहते, शेजारची अक्का कन्नड मालिका पाहते, आणि संध्याकाळी दोघी कट्ट्यावर बसून एकमेकींना कथा सांगतात. दोन्हीकडची सासू सारखेच कट करते, त्यामुळे अर्ध्या तासाने कोणती सून कोणत्या भाषेतली, हे दोघींनाही सांगता येत नाही. बंगळुरूत मराठी घरात जन्मलेला शिवाजीराव गायकवाड बसचा कंडक्टर होतो आणि पुढे तमिळ सिनेमाचा रजनीकांत होतो, या एका माणसावर आमच्या कट्ट्यावर तीन भाषांत वाद चालतो. माझे म्हणणे असे की त्या दोघी बायकांनाच माइकसमोर बसवावे. विनोदवीर शोधत फिरण्याची गरजच नाही.

जुना रंगकर्मी

चिकोडी एक्सप्रेस यांनी विनोदाने लिहिले असले तरी मी ते गंभीरपणे घेतो. अशा कार्यक्रमांत बायका फार कमी दिसतात, आणि दिसल्या तर हसण्यापुरत्या दिसतात. कट्ट्यावरच्या बायकांना तालमीत आणून बसवा, पंधरा दिवस त्यांच्याकडून बातम्या वाचून घ्या, मग पाहा. मी स्वतः तालीम घ्यायला येईन.

इतके सगळे वाचल्यावर माझ्या पहिल्या आक्षेपाविषयी दोन शब्द लिहितो. तयारीचा आग्रह मी सोडलेला नाही. मात्र हलग्याच्या शेतकऱ्यांनी शेवयांची बातमी ज्या पद्धतीने सांगितली ती मी पुन्हा वाचली. ठिकाण आधी, मग वर्ष आणि घटना, मग आपल्या घरातली सवय आणि शेवटी नेमके बोट, असा तिचा बांध आहे. तो उत्तम विनोदी कथनाचा बांध आहे आणि तो त्यांना कुणी शिकवलेला नाही. असे बोलणारी माणसे या भागात असतील तर गप्पांचा कार्यक्रम उभा राहू शकतो, असे माझे आता मत झाले आहे.

रेडिओप्रेमी

मग मूळ प्रश्नाकडे वळू या. कार्यक्रम करायचा तर पहिल्यांदा कुठे करायचा? माझी सूचना अशी की सुरुवातीलाच यूट्यूबवर टाकू नये. कृष्णाकाठ यांनी म्हटल्याप्रमाणे समोर प्रेक्षक हवा. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी, बेळगुंदी इथे हिवाळ्यात ग्रामीण मराठी साहित्य संमेलने भरतात, आणि त्यांतल्या कथाकथनाच्या सत्राला मंडपात पाय ठेवायला जागा नसते. त्या सत्रानंतर अर्धा तास मागून घ्यावा. शेतकरी, शिक्षक, म्हाताऱ्या बाया, शाळकरी मुले असा सगळा समाज समोर असतो. त्यांना हसवता आले तर माइक विकत घ्यावा, नाही तर पुन्हा तालीम करावी.

शहापूरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी एवढ्या चर्चेची अपेक्षा केली नव्हती, आणि माझ्या मनातला कार्यक्रम या धाग्यामुळे पुष्कळ बदलला आहे.

मी असे ठरवतो आहे. बोलणारे तिघे असावेत: धागा धरणारी एक बाई, भरकटणारा एक जण, आणि कन्नडच्या अंगाने मराठी बोलणारा तिसरा भिडू. प्रत्येकाने एक बातमी आणायची आणि ती छापील वर्तमानपत्रात किंवा विश्वासार्ह ठिकाणी पडताळल्याशिवाय घ्यायची नाही. पहिल्या प्रयोगासाठी केळे, लाल बिहारी आणि शेवया या तीन बातम्या घ्याव्यात, कारण तिन्हींमध्ये बातमीच्या पाठीमागे एक कष्टाचा माणूस उभा आहे आणि त्याला सोडून बाकी सगळ्यांना मनमोकळे हसता येते. संमेलनाच्या आयोजकांशी बोलण्याचे काम मी घेतो. रंगकर्मी काका तालमीला येतो म्हणाले आहेत, ते मी पक्के धरतो.

धागा धरणारी बाई आणि कन्नडचा भिडू यांच्यासाठी नावे सुचवायची असतील तर कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावे.

धारवाडची सून

कन्नडच्या भिडूसाठी माझ्या सासऱ्यांना विचारले. आधी ते नाही म्हणाले, मग रात्री जेवताना त्यांनी विचारले की शेवयांची बातमी कोण सांगणार आहे, कारण ती त्यांना सांगायची आहे.

मार्कंडेय काठ

सासऱ्यांनी शेवया घ्याव्यात. कबूतर माझे.

हलग्याचा शेतकरी

सासरेबुवांना सांगा की तालमीच्या आधी एकदा हलग्याला यावे. इमारत रस्त्यावरून दिसतेच, पण ऊन कुठल्या बाजूला किती वाजेपर्यंत असते आणि शेवया तिथेच का घातल्या असतील, हे मी त्यांना उभे राहून दाखवतो.